फिशटँकचा राखणदार : भरवसा कशावर ठेवायचा?

आमच्या संस्थेच्या दर्शनी दालनात खाऱ्या पाण्याची दोनशे लिटरची एक टाकी आहे. शाळांच्या सहली येतात तेव्हा दुर्बिणी आणि तक्ते बाजूला राहतात आणि मुले या टाकीसमोर गर्दी करतात. तिच्यात क्लाउनफिशची एक जोडी होती. ही जोडी समुद्रातून पकडलेली नव्हती, बंदिस्त पैदाशीतून आलेली होती. सहा वर्षे ती आमच्याकडे वाढली आणि अंडीही घालू लागली. जानेवारीतल्या एका सकाळी आठ वाजता सफाईला आलेल्या मावशींचा फोन आला, "साहेब, मासे आडवे झालेत." आम्ही धावत गेलो. पाण्याचे तापमान ३५.८ अंश सेल्सिअस होते. आदल्या संध्याकाळी सहाला, दालनाचे दार लावताना, ते २६ अंश होते. जोडी वाचली नाही.

टाकीवर राखणदार नव्हता असे नाही. तापमान, सामू म्हणजे पीएच, दिवे, पंप या सर्वांवर लक्ष ठेवणारा एक संगणकीय नियंत्रक, ज्याला विक्रेते 'अ‍ॅक्वेरियम कंट्रोलर' म्हणतात, पाच वर्षांपासून बसवलेला होता. साहजिकच आमच्यापैकी बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया होती, "ही कंपनी बदला. दुसऱ्या चांगल्या ब्रँडचा नियंत्रक आणा." पैशाची तरतूदही झाली होती. मात्र खरेदीचा कागद पुढे सरकवण्यापूर्वी आम्ही जुना नियंत्रक उघडून पाहायचे ठरवले. त्या तपासातून जे कळले ते फिशटँकपुरते नाही. घरातला पाणी तापवायचा बंब असो की शाळेतली टाकी भरणारा पंप, भरवसा ठेवण्याजोगे यंत्र कसे ओळखायचे, हा प्रश्न सगळीकडे सारखाच आहे.

नियंत्रक म्हणजे काय?

याची गोष्ट एका शिक्षकापासूनच सुरू करता येते. वॉरन जॉन्सन हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे अध्यापक विद्यालयात प्राध्यापक होते. थंडीच्या दिवसांत वर्ग गरम ठेवण्याचे काम तळघरातल्या कामगाराकडे असे. कोणता वर्ग गार पडला, कोणता जास्त तापला, हे पाहायला त्याला वर्गावर्गात फिरावे लागे आणि शिकवण्यात व्यत्यय येई. जॉन्सन यांनी वर्गातल्या तापमानाची खबर विजेच्या घंटेने तळघरात पोचवणारे उपकरण तयार केले आणि १८८३ साली त्याचे पेटंट मिळवले. गंमत अशी, की हे उपकरण स्वतः काही गरम किंवा थंड करत नव्हते. ते माणसाला सांगत होते आणि काम माणूस करत होता.

आजचा फिशटँकचा नियंत्रक चार कामे करतो. पहिले मोजणे: पाण्यात बुडवलेला संवेदक तापमान कळवतो. दुसरे ठरवणे: मोजलेला आकडा आपण दिलेल्या आकड्याशी ताडून हीटर लावायचा की बंद करायचा, याचा निर्णय लहानसा संगणक घेतो. तिसरे करणे: संगणकाच्या क्षीण विद्युतप्रवाहाने रिले नावाचा स्विच हलतो आणि २३० व्होल्टचा हीटर लागतो किंवा बंद होतो. चौथे सांगणे: काही बिनसले तर भोंगा वाजतो किंवा फोनवर संदेश येतो.

जाहिरातीत बहुधा दुसऱ्या कामाचे कौतुक असते. रंगीत पडदा, आलेख, फोनवरून दिवे लावण्याची सोय वगैरे. बिघाड मात्र सहसा पहिल्या आणि तिसऱ्या कामात होतात. संवेदक खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे बुडलेला असतो आणि रिलेचे संपर्क ठिणग्या झेलत असतात. गणित करणारी चकती कोरड्या पेटीत सुखात असते.

तपासात काय सापडले?

पेटी उघडल्यावर दिसले, की हीटरच्या प्लगमागचा रिले चिकटला होता. त्याचे दोन धातूचे संपर्क एकमेकांना वितळून जोडले गेले होते. संगणक 'बंद' म्हणत होता, त्याच्या नोंदवहीतही हीटर बंद असल्याचे लिहिले होते आणि प्रत्यक्षात हीटर रात्रभर चालू होता. रिलेऐवजी अर्धवाहक स्विच वापरला तर हा धोका टळतो, असे काहींना वाटते. तेही पुरते खरे नाही. अर्धवाहक स्विचही बिघडताना बहुधा 'चालू' अवस्थेतच अडकतात.

रिले का चिकटला? प्रथम वाटले, वारंवार चालू-बंद करून झिजला असेल. म्हणून आम्ही हिशेब केला. नियंत्रकात 'मधली सूट' ०.१ अंश ठेवलेली होती. म्हणजे तापमान ०.१ अंशाने उतरले की हीटर चालू आणि तेवढेच चढले की बंद. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता किलोला अंशामागे सुमारे ४,१८६ ज्यूल आहे. दोनशे किलो पाण्याला एक अंशासाठी ८,३७,२०० ज्यूल लागतात, तर ०.१ अंशासाठी ८३,७२०. खाऱ्या पाण्याचे आकडे किंचित वेगळे असतात, पण इथे हा हिशेब पुरेसा आहे. थंड रात्री टाकीतून ७२ वॅट उष्णता बाहेर जात होती. ती आम्ही कशी मोजली, ते पुढे येईल. हीटर ३०० वॅटचा. म्हणजे तापताना हाती उरतात २२८ वॅट आणि ०.१ अंश चढायला सुमारे ६ मिनिटे लागतात. उतरायला सुमारे १९ मिनिटे. एक फेरी २५ मिनिटांची, दिवसाला सुमारे ५६ फेऱ्या. थंडीच्या चार महिन्यांत झाल्या सुमारे ६,७००. पाच वर्षांचे मिळून ३४,०००. असे रिले पूर्ण भारावर साधारण एक लाख वेळा चालावेत, अशी अपेक्षा असते आणि आमचा भार तर १.३ अँपिअर इतका किरकोळ होता. तेव्हा नुसत्या झिजेवर खापर फोडता येईना.

उत्तर जुन्या नोंदवहीत मिळाले. पहिली दोन वर्षे त्याच प्लगवर टाकीचा एलईडी दिवा होता. एलईडीच्या वीजपुरवठ्यात मोठे धारित्र, म्हणजे कपॅसिटर, असते. दिवा लावताच ते रिकामे धारित्र क्षणार्धात भरते आणि त्या सेकंदाच्या हजाराव्या भागात नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह वाहतो. दिव्यावर लिहिलेले वॅट पाहून हे कळत नाही. रोज बसणाऱ्या या धक्क्याने संपर्कांवर खळगे पडले होते. पुढे टाकीची मांडणी बदलताना आम्हीच हीटर त्या प्लगवर आणला. नियंत्रकाच्या माहितीपुस्तिकेत एलईडी दिवे कोणत्या प्लगवर लावावेत, हे लिहिलेले होते. ते पान आम्ही वाचले नव्हते.

याहून मोठी चूक पुढे उघड झाली. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक हीटरमध्ये स्वतःचा थर्मोस्टॅट असतो. म्हणजे नियंत्रक चुकला तरी हीटर आपणहून थांबायला हवा होता. पण नियंत्रक बसवला त्या दिवशी आम्ही तो थर्मोस्टॅट फिरवून अगदी वरच्या टोकाला नेला होता, "दोघांची भांडणे नकोत" म्हणून. दोन पहारेकरी होते, त्यांपैकी एकाला आम्ही स्वतःच झोपवले होते.

नियंत्रकाने भोंगा का वाजवला नाही? वाजवला होता. रिकाम्या दालनात रात्रभर तो वाजत होता. फोनवर संदेश आला नाही, कारण विजेची बचत म्हणून इमारतीतला इंटरनेटचा राउटर संध्याकाळी बंद होत असे.

म्हणजे दोष होता तरी कोणाचा? थोडा रिलेचा, बराचसा आमचा. त्या दिवशी आम्ही दुसऱ्या ब्रँडचा नियंत्रक आणून त्याच मांडणीत बसवला असता, तर पैसे खर्च झाले असते आणि धोका तसाच राहिला असता.

हीटर किती वॅटचा हवा?

आता त्या ७२ वॅटचा हिशेब. एका थंड संध्याकाळी आम्ही हीटर बंद केला. पाणी २६ अंश, खोली २० अंश. दोन तासांत पाणी ०.६ अंशाने उतरले. दोनशे लिटर पाणी ०.६ अंश उतरणे म्हणजे सुमारे पाच लाख ज्यूल बाहेर जाणे. ७,२०० सेकंदांनी भागले की आले ७० वॅट. न्यूटनच्या शीतकरणाच्या नियमाप्रमाणे उष्णता जाण्याचा वेग पाणी आणि खोली यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो. दोन तासांत हा फरक सरासरी ५.७ अंश होता. म्हणजे दर अंश फरकामागे सुमारे १२ वॅट आणि सहा अंश फरक राखायचा तर ७२ वॅट.

या एका आकड्याने सगळे चित्र उलगडते. ३०० वॅटचा हीटर अडकला तर पाणी कुठवर तापेल? जाणारी उष्णता ३०० वॅट होईपर्यंत, म्हणजे खोलीपेक्षा २५ अंश वर. खोली २० अंशांवर असेल तर ४५ अंशांपर्यंत. तिथे पोचायला वेळ लागतो एवढेच. सुरुवातीला तापमान तासाला एक अंशाने चढते. पाणी ३२ अंशांवर आले की बाहेर जाणारी उष्णता १४४ वॅट होते आणि चढण्याचा वेग तासाला दोन-तृतीयांश अंशावर येतो. तासाला सरासरी ०.७ अंश धरले तर चौदा तासांत सुमारे दहा अंश. सकाळचे ३५.८ या हिशेबात चपखल बसतात.

आता ३०० वॅटच्या एका हीटरऐवजी ७५ वॅटचे दोन घेतले असते तर? दोन्ही मिळून १५० वॅट, म्हणजे खोली १४ अंशांपर्यंत उतरली तरी पाणी २६ वर राखता येते. आमच्या दालनात याहून जास्त थंडी पडत नाही. आणि एक हीटर अडकला तर? ७५ भागिले १२, म्हणजे खोलीपेक्षा सव्वासहा अंश वर. त्या रात्री पाणी २६.३ अंशांच्या पुढे गेलेच नसते. दुपारी खोली तापली तरी एवढे पाणी तापायला बराच अवधी लागतो आणि तोवर माणूस येतो.

दुकानात 'लिटरला एक वॅट' असा ठोकताळा सांगतात. आम्ही 'थोडा मोठाच असू द्या' म्हणून दीडपट घेतला होता. मोठा हीटर सुरक्षित वाटतो, कारण आपण थंडीचा विचार करतो. यंत्र अडकण्याचा विचार केला तर लहान हीटर सुरक्षित ठरतो.

हेच तत्त्व पाणी भरण्यालाही लागू आहे. बाष्पीभवनाने पाणी घटते आणि क्षारता वाढते, म्हणून गोडे पाणी आपोआप घालणारी यंत्रणा लावतात. तिचा तरंगता स्विच अडकला तर पाणी वाहतच राहते. ती नळाला न जोडता पाच लिटरच्या कॅनला जोडली, तर जास्तीत जास्त पाच लिटर पाणी येईल आणि क्षारता हजारी ३५ वरून ३४ च्या आसपास येईल. माशांना ते सहज सोसते. जो बिघाड टाळता येत नाही, त्याचे नुकसान मर्यादेत राहील अशी मांडणी करता येते.

दोन पहारेकरी

समजा, नियंत्रकाचा स्विच वर्षभरात अडकण्याची शक्यता पन्नासात एक आहे आणि हीटरच्या थर्मोस्टॅटचीही तेवढीच. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. एकाच पहारेकऱ्यावर विसंबलो तर धोका पन्नासात एक. दोघे एकामागोमाग, म्हणजे एकसरीत, जोडले तर दोघेही अडकले तरच पाणी उकडेल. शक्यता पन्नास गुणिले पन्नास, अडीच हजारांत एक. कितीही महाग ब्रँड घेतला तरी एका यंत्राची विश्वासार्हता एवढी वाढवणे अवघड आहे.

या गुणाकाराला दोन अटी आहेत. पहिली, दोघे एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. दोघांचा संवेदक एकच असेल, किंवा दोघे एकाच पट्टीवर एकाच कारणाने जळणार असतील, तर तो एकच पहारेकरी समजावा. दुसरी अट सहज विसरली जाते. पहिला पहारेकरी जागा असतो तोवर दुसरा जागा आहे की मेला, हे कळत नाही. म्हणून त्याची मुद्दाम परीक्षा घ्यावी लागते. आम्ही आता नियंत्रक २६ अंशांवर ठेवतो आणि हीटरचे थर्मोस्टॅट २७.५ वर. महिन्यातून एकदा, समोर बसून, नियंत्रकाचा आकडा २९ करतो आणि २७.५ च्या सुमारास थर्मोस्टॅट हीटर तोडतो की नाही, ते पाहतो. उन्हाळ्यात, पाणी आधीच तापलेले असताना, ही परीक्षा करावी लागत नाही. हीटरमध्ये थर्मोस्टॅट नसेल तर पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा डिजिटल थर्मोस्टॅट नियंत्रक आणि हीटर यांच्यामध्ये जोडता येतो. २३० व्होल्टची ही जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी.

प्रत्येक उपकरणाबाबत आणखी एक प्रश्न विचारावा: हे बिघडायचेच असेल, तर कोणत्या बाजूला बिघडलेले बरे? हीटर बंद अवस्थेत बिघडावा, कारण पाणी हळूहळू गार होते. हवेचा पंप मात्र चालू राहायला हवा. पंचवीस-सव्वीस अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. म्हणजे आमच्या पूर्ण टाकीत अवघा सव्वा ग्रॅम. तो संपायला वेळ लागत नाही. त्यामुळे हवेचा पंप आम्ही नियंत्रकावर ठेवतच नाही. तो थेट जोडलेला आहे आणि वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा छोटा पंप शेजारी आहे. जिथे भारनियमनाची सवय आहे तिथे हा पंप कोणत्याही नियंत्रकाच्या आधी घ्यावा. वीज नसेल तर नियंत्रक ही एक मुकी पेटी आहे.

खारे पाणी आणि वीज जवळजवळ असल्याने ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती-प्रवाह तोडणारा स्विच, हवाच. मात्र सगळी उपकरणे एकाच स्विचवर ठेवली, तर हीटरच्या गळतीने हवाही बंद पडेल. दोन स्विच घेऊन भार विभागावा. प्लगकडे जाणारी प्रत्येक वायर आधी प्लगच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी खालीच ठिबकते.

'दहा जणांकडे चांगला चाललाय'

आता ब्रँडकडे वळू. अमेरिकेतल्या नेपच्यून सिस्टिम्सचा अपेक्स, जर्मनीतल्या जीएचएलचा प्रोफिलक्स, आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर स्वतः जुळवायची, जिचा आराखडा सर्वांना खुला आहे अशी रीफ-पाय यंत्रणा, ही हौशी लोकांत नेहमी चर्चेत असलेली काही नावे. यांतले कोणते चांगले, असे विचारले की उत्तर मिळते, "आमच्या ओळखीच्या दहा जणांकडे आहे. एकाचाही बिघडला नाही."

हे ऐकून किती निश्चिंत व्हावे? समजा, त्या ब्रँडचे शंभरातले २६ नियंत्रक बिघडतात. मग एक चांगला निघण्याची शक्यता ०.७४. दहाच्या दहा चांगले निघण्याची शक्यता ०.७४ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.०५. वीसात एक वेळा असे घडू शकते. म्हणून दहा निर्दोष अनुभवांवरून, ९५ टक्के खात्रीने, एवढेच म्हणता येते की बिघाडाचे प्रमाण २६ टक्क्यांहून जास्त नसावे. संख्याशास्त्रात यासाठी 'तीनचा नियम' आहे: न बिघडलेल्या नगांच्या संख्येने तीनला भागले की बिघाडाची वरची मर्यादा ढोबळमानाने मिळते. शंभर नग निर्दोष असतील तर तीन टक्के. दहांसाठी हा नियम ३० टक्के सांगतो, म्हणजे थोडा सढळ आहे, पण अंदाज बरोबर देतो. उलट बाजूने, ज्यांचे मासे मेले ते मोठ्याने बोलतात आणि ज्यांचे सुरळीत चालले आहे ते गप्प असतात. म्हणून चार तक्रारींवरूनही ब्रँडला वाईट ठरवू नये. किती जणांपैकी चार, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

तेव्हा नावापेक्षा पुढील प्रश्न विचारणे फायद्याचे.

एक, इंटरनेट बंद असताना तो पूर्ण चालतो का? खरेदीपूर्वी राउटर बंद करून दाखवायला सांगावे. कंपनीच्या दूरच्या संगणकावर विसंबणारा नियंत्रक, कंपनी बंद पडल्यास निकामी होऊ शकतो.

दोन, वीज जाऊन आल्यावर तो कोणत्या अवस्थेत जागा होतो? संवेदकाची वायर काढली तर हीटर बंद करतो की शेवटच्या आकड्यावर विसंबून तो चालूच ठेवतो?

तीन, त्याची प्लगपट्टी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झसाठी आहे का? अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असते. परदेशातून कोणी आणून दिलेली पट्टी इथे तशीच लावू नये.

चार, संवेदक आणि रिले भारतात सुटे मिळतात का? की त्यांचे जोड त्याच कंपनीचे, खास घडवलेले आहेत?

पाच, कच्चा आकडा पाहता येतो का? सामूच्या इलेक्ट्रोडने २५ अंशांना एका सामू एककामागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट द्यावेत. सामू ७ आणि १० च्या प्रमाणित द्रावणांत बुडवून फरक १७७ च्या जवळ आला तर इलेक्ट्रोड ठीक. दीडशेच्या खाली आला तर तो म्हातारा झाला. मिलिव्होल्ट न दाखवणारा नियंत्रक हे म्हातारपण 'कॅलिब्रेशन'खाली झाकून टाकतो.

सहा, आपल्याला यातल्या किती सोयी लागणार? परदेशी नियंत्रकांतल्या बऱ्याच सोयी, उदाहरणार्थ कॅल्शियम थेंबथेंब घालणे, प्रवाळ पाळणाऱ्यांसाठी आहेत. भारतात प्रवाळ-खडक बनवणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. जे पाळायचेच नाही त्याच्या सोयीसाठी पैसे का मोजावेत? त्याऐवजी उन्हाळ्याचा विचार करावा. विदर्भ-मराठवाड्यात वर्षातले कित्येक महिने हीटर लागतच नाही. तिथे पाण्यावर वारा घालणारा पंखा लावणारा नियंत्रक हवा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता निघून जाते. दोनशे लिटरच्या टाकीला ही जवळजवळ तीन अंशांची बचत आहे. कोकणच्या दमट हवेत मात्र पंख्याचा प्रभाव कमी पडतो.

मग ब्रँड बदलावा का?

यंत्रांच्या बिघाडाचा आलेख न्हाणीघरातल्या टबासारखा असतो. नवे असताना बिघाड जास्त, कारण कारखान्यातले दोष सुरुवातीलाच बाहेर पडतात. मग बरीच वर्षे सपाट तळ. शेवटी झीज सुरू होऊन आलेख पुन्हा चढतो. चांगले चाललेले यंत्र काढून नवे बसवणे म्हणजे सपाट तळावरून पुन्हा डाव्या चढावर जाणे. शिवाय नव्या यंत्राची ओळख नसल्याने माणसाच्या चुकाही वाढतात. एलईडीचा प्लग आम्ही चुकलो, ते नवखे असतानाच. म्हणून 'नवे ते विश्वासार्ह' हे गृहीत धरू नये. त्याचप्रमाणे जुन्यावर झालेला खर्च आठवून त्याला चिकटूनही राहू नये. तो खर्च बदलला काय आणि न बदलला काय, परत येत नाही.

आम्ही स्वतःला एकच कसोटी लावली: जो बिघाड झाला, तो ब्रँड बदलल्याने टळेल का? उत्तर 'नाही' असे होते. म्हणून आम्ही नियंत्रक ठेवला. रिले बदलून घेतला, मधली सूट ०.१ वरून ०.३ अंश केली, हीटर दोन लहान घेतले, थर्मोस्टॅट जागे केले आणि राउटर रात्रभर चालू ठेवण्याची परवानगी मिळवली. या सर्वाचा खर्च नव्या नियंत्रकाच्या किमतीच्या जवळपासही गेला नाही.

दोन वर्षांनी मात्र आम्ही ब्रँड बदलला. तेव्हा काहीही बिघडलेले नव्हते. सामूचा इलेक्ट्रोड संपत आला होता, त्या खास जोडाचा इलेक्ट्रोड भारतात मिळेनासा झाला होता आणि कंपनीने त्या मॉडेलची देखभाल थांबवली होती. हा प्रश्न मांडणी सुधारून सुटणारा नव्हता. कसोटी तीच, उत्तर या वेळी 'होय'.

बदलतानाही घाई केली नाही. पहिला महिनाभर नवा नियंत्रक फक्त मोजत होता आणि जुना काम करत होता. रोज दोघांचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले. तापमानात ०.४ अंशांचा फरक निघाला. असे संवेदक अर्ध्या अंशापर्यंत चुकू शकतात, तेव्हा प्रयोगशाळेतल्या चांगल्या तापमापीशी ताडून नव्याची दुरुस्ती केली. मग आधी दिवे नव्याकडे दिले, कारण दिव्याच्या चुकीने कोणी मरत नाही. आठवड्याने पंखा. हीटर सर्वांत शेवटी, आणि तोही सोमवारी, म्हणजे पुढचे पाच दिवस कोणीतरी समोर असेल.

वर्गात करून पाहण्यासारखे

यासाठी फिशटँक लागत नाही. एक मोठी बादली कोमट पाण्याने भरून दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवा, आलेख काढा आणि ती बादली दर अंशामागे किती वॅट गमावते, ते मुलांना काढू द्या. मग विचारा, ही बादली खोलीपेक्षा पाच अंश गरम ठेवायला केवढा हीटर पुरेल आणि तो अडकला तर पाणी कुठवर तापेल? शाळेतल्या सगळ्या तापमाप्या एकाच बादलीत बुडवून त्यांचे आकडे फळ्यावर लिहा. ते सारखे येत नाहीत. कोणता खरा मानायचा, यावर वर्गात छान वाद होतो. 'तीनचा नियम' तपासायला नाणी पुरतात. प्रत्येक मुलाने दोन नाणी एकदम दहा वेळा उडवावीत. दोन्ही छापे पडणे म्हणजे 'बिघाड', त्याची शक्यता पाव. पन्नासाच्या वर्गात दोन-तीन मुलांना दहा फेकांत एकही बिघाड दिसणार नाही. "माझा ब्रँड उत्तम," असे ती मुले ठामपणे सांगतील. त्यांना बाकीच्या वर्गाचे आकडे दाखवा.

आमच्या टाकीत आता क्लाउनफिशची दुसरी जोडी आहे. नव्या नियंत्रकाशिवाय आणखी एक गोष्ट आम्ही केली. काचेवर, मावशींच्या नजरेच्या उंचीवर, एक साधी तापमापी चिकटवली आणि २८ अंशांवर तांबडी खूण केली. पारा खुणेच्या वर दिसला तर भिंतीवरचा हीटरचा स्विच बंद करायचा आणि मग फोन करायचा, एवढेच त्यांना सांगितले आहे. रविवारी दालन बंद असते तेव्हा पहारेकरी संध्याकाळच्या फेरीत तिच्याकडे पाहून वहीत आकडा लिहितो. जॉन्सन सरांची घंटाही शेवटी तळघरातल्या माणसासाठीच होती.